ताक पाजलेले पिंप

वैशाख वद्य तृतीया, सोमवार, सकाळचे सव्वासात. माजघरातील पिंप रिकामे करून अंगणात उन्हाला ठेवले आणि हे लिहावयास बसलो.

आमच्या घरी आगोटीची तयारी वैशाखाच्या वद्य पक्षात सुरू होते. गवत छपरावर चढते, सरपण पडवीत येते, मीठ व मिरची मडक्यांत जाते, आणि पावसाळ्याचा तांदूळ पिंपात. जोयड्याच्या रानात पाऊस एकदा लागला की ओढ्यापलीकडच्या घराचा धूरही दिसत नाही. मग घरात जे आहे तेवढेच जगात आहे. त्यामुळे या मुलखातील माणसे बोलण्यात कमी आणि साठवणीत पक्की असतात. मीही तसाच आहे असे लोक म्हणतात. त्यांच्या म्हणण्यातील पहिला भाग खरा आहे.

पिंप ऐनाच्या लाकडाचे आहे. कमरेइतके उंच, मध्यभागी फुगीर, तीन लोखंडी कड्यांनी आवळलेले. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, ते आपल्या हातांनी केले. आज सुमारे तीस वर्षे त्यात तांदूळ राहतो. परंतु ते तांदळासाठी केलेले नव्हते. ते स्पेन देशाहून आलेल्या तांबड्या द्राक्षमद्यासाठी केलेले होते. आमच्या घरात कोणी मद्याला शिवत नसे. तरीही एक पावसाळाभर ते मद्य आमच्या माजघरात राहिले आणि माझ्या आईने त्याची देवघरासारखी राखण केली. त्या मोसमात मी एक चूक केली. ती आजवर कोणास सांगितली नाही. आज सांगतो.

त्या वर्षीचा वैशाख कडक होता. जगलबेटच्या लाकडाच्या डेपोत मी कारकून होतो; वय बावीस. ओंडक्यांची मापे घेणे, ती वहीत उतरवणे, गाड्या मोजून सोडणे, हे काम. चिरलेल्या सागाचा वास सकाळी गोड वाटे आणि दुपारी डोके धरी. काळी नदी आटून तिच्या पोटातील दगड उघडे पडले होते. करवंदांच्या जाळ्यांपाशी जमीन काळीनिळी झाली होती. झाडांवरचे किडे दिवसभर एकाच सुरात किरकिरत, आणि ते क्षणभर थांबले की माणूस दचकून वर बघे.

डेपोत लाकूड पारखण्याचे काम इनासकडे होते. त्याचे मूळ नाव लांबलचक होते. गोव्याच्या लोकांनी ते आपल्या सवयीने इनास केले आणि त्याने ते घेतले. वय तिशीच्या आत, उन्हाने विटकरीसारखा झालेला चेहरा, हाताची बोटे जाड. लोक त्याला फिरंगी, म्हणजे पोर्तुगीज, म्हणत. "फिरंगी न्हय, हांव स्पेनचो," असे तो प्रत्येकाला सांगे, आणि ऐकणारा "व्हय, व्हय, फिरंगीसाहेब" म्हणून पुढे जाई. मुरगावला असलेल्या एका नातलगाच्या आधाराने तो या देशात आला होता. कोकणी मोडकी बोलत असे, पण बोलताना लाजत नसे.

त्या वैशाखात त्याच्या गावाहून एक पिंप आले. मुरगावपर्यंत जहाजाने, कॅसलरॉकपर्यंत आगगाडीने आणि तेथून दोन दिवस बैलगाडीने. डेपोच्या फाटकात गाडी आली तेव्हा मागे रस्त्यावर एक बारीक तांबडी रेघ पडलेली होती. घाटातल्या दगडांवर आपटून पिंपाच्या दोन फळ्या तडकल्या होत्या.

इनासने गाडीवानाला शिवी दिली नाही. गुडघ्यावर बसून त्याने त्या तड्याला बोट लावले, बोट हुंगले, चाखले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अजून जिवंत आसा."

मी त्याला सरळ विचारले की दारूच्या एका पिंपासाठी एवढे काय. त्याने तड्यावर तळवा दाबून धरला होता. तो तसाच ठेवून तो सांगू लागला.

"हें दारू न्हय. हें आमचें जेवण. गाडवांवाले पितात, शेतकार पितात, पाद्री पितात. हें परवडना असो मनीस आमच्या गांवांत ना."

त्यांच्या गावी द्राक्षांचे घड देठासकट दगडी हौदात टाकतात, काही दिवस तसेच ठेवतात, आणि मग माणसे अनवाणी हौदात उतरून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून ते तुडवतात. यंत्र नाही, औषध नाही. पणजोबांनी केले तसेच. गेल्या मोसमात त्याचा बाप सर्वांच्या आधी हौदात उतरला, सर्वांच्या नंतर बाहेर आला आणि चौथ्या दिवशी वारला. त्या हौदातले मद्य भावाने या पिंपात भरून पाठवले होते. बापाला वर्ष होईल त्या दिवशी इनास ते उघडणार होता. तोपर्यंत ते टिकले पाहिजे, एवढेच त्याला हवे होते. पुढच्या वर्षी पिंप येईल, पण त्यातील रस दुसऱ्या पायांखालचा असेल.

मी वही मिटली आणि म्हणालो, "माझे वडील गाडीची चाके करतात. बघू."

आप्पा फार बोलत नसत. मीही त्यांच्याशी तीन वर्षे फार बोललो नव्हतो. सुतारकी सोडून मी लेखणी धरली हे त्यांनी स्वीकारले होते, पण गिळले नव्हते. मी इनासला घेऊन घरी गेलो तेव्हा ते चाकाचे आरे तासत होते. मी हकिकत सांगितली. त्यांनी एकच विचारले.

"बाप कवा गेला म्हणतोस?"

"भाद्रपदाच्या शेवटी. वद्य पक्षात."

"पितृपंधरवड्यात," आप्पा म्हणाले. त्यांनी तासणी खाली ठेवली. "मग हे श्राद्धाचं हाय. दारू कुठनं आली त्यात?"

आतून अव्वा, म्हणजे आई, बाहेर आली. तिने सगळे ऐकलेले होते. "पायानं तुडवल्यालं श्राद्धाला चालतंय व्हय?"

"कुंभार माती कशानं मळतोय?" आप्पा म्हणाले. "त्याच घागरीचं पाणी पितीस न्हवं?"

मग पिंप पडवीच्या सावलीत आणायला तिनेच जागा झाडून दिली.

जुनी फळी काढून नवी घालावी असे मला वाटले होते. आप्पांनी जुन्या पिंपाभोवती दोन फेऱ्या मारल्या, टिचकी मारून प्रत्येक फळी ऐकली आणि मान हलवली. एक काढली तर बाकीच्या सुटतील. नवे पिंप करावे लागेल.

पिंप त्यांनी जन्मात केलेले नव्हते. पण चाक केले होते. आणि चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवून ती पाण्याने आवळणे हे ज्याला येते, त्याला पिंपाचे अर्धे काम येते. लाकूड कोणते, याचा त्यांनी विचारही केला नाही. उन्हाळ्यात ऐनाच्या खोडाला फुगवटा दिसला तर रानातील माणूस तेथे कोयता मारतो आणि वाहणारे पाणी ओंजळीत धरतो. "ज्याला जिवंतपणी पाणी धरता येतंय, त्याला मेल्यावरबी येणार," एवढेच ते बोलले. घराच्या मागे सात पावसाळे खाल्लेल्या ऐनाच्या फळ्या होत्या. त्या त्यांनी माझ्या गाडीसाठी राखल्या होत्या. मी धंद्यात आलो असतो तर जी गाडी मी केली असती, तिच्यासाठी. त्यांनी त्या माझ्यादेखत काढल्या.

आठ दिवस लागले. फळ्या दोन्ही टोकांना निमुळत्या तासल्या, कडा तिरप्या केल्या, एका कड्यात उभ्या रचल्या. आत ढलप्यांचा जाळ आणि बाहेरून ओले फडके, असे करीत लाकूड हळूहळू वाकले. इनास रोज डेपोतून येई आणि काही तरी दाखवी. फळ्यांच्या सांध्यांत नदीकाठचे वाळलेले लव्हाळे घालावे, हे त्याचे. दोर पिळून तोंडे जवळ आणावी, हे आप्पांचे. एकाला दुसऱ्याची भाषा धड येत नव्हती, पण मी मध्ये तोंड घातले तर दोघेही वैतागत.

"तू वही लिव्ह," आप्पा म्हणत.

पडवीत मात्र जुने पिंप मरत होते. तड्यात मेण भरले होते. दुपारच्या उन्हात ते मऊ पडे आणि तांब्या-दोन तांबे गळून जाई. इनास खाली ठेवलेले भांडे रोज संध्याकाळी हुंगून बघे. आंबट व्हायला लागले की त्या वासावरून आधी कळते म्हणे. तो हुंगताना आम्ही सर्व त्याच्या तोंडाकडे पाहत असू, वैद्याकडे पाहावे तसे.

नवव्या दिवशी नवे पिंप पाण्याने भरले. दहाव्या दिवशी सकाळी आप्पांनी सगळ्या अंगावरून हात फिरवला आणि हात पाहिला. कोरडा होता. ते हसले नाहीत, पण न्याहारी उभ्याने केली. हे त्यांचे आनंदाचे लक्षण.

आता माझी चूक.

पहिल्याच दिवशी इनासने मला बजावले होते: पिंपाला आतून उदकाखेरीज काही लागता कामा नये. तेल नाही, राळ नाही, काही नाही. ते मी आप्पांना सांगितले आणि निरोप पोचला असे समजलो. घरातील पुरुषाला सांगितले म्हणजे घराला सांगितले, असा माझा हिशेब. अव्वाचा या कामाशी काही संबंध आहे असे माझ्या मनातही आले नाही.

आमच्या बायका नव्या लाकडी भांड्याला ताक पाजतात. काथवट असो, ताकाचा डेरा असो, पहिल्यांदा त्यात आंबट ताक घालून, हळद टाकून, दिवसभर ठेवतात. लाकडाचा कडवटपणा उतरतो आणि भांडे घरचे होते. दहाव्या दिवशी आप्पा बाजाराला सुप्यास गेले, आम्ही डेपोत गेलो. आणि अव्वाने पिंपातले पाणी ओतून टाकले, शेजारच्या दोन घरांतून ताक मागून आणले, आणि पिंपाला पाजले.

संध्याकाळी इनासने बूच काढून नाक लावले.

"ताक," तो म्हणाला. हा शब्द त्याला चांगला येत होता.

"व्हय, ताक," अव्वा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली. "तीन दिवसांचं हाय, चांगलं आंबट. हळदबी टाकल्या. तुज्या बापाच्या वस्तूला कडू वास लागाया नगो."

इनास ओट्यावर बसला. रागावला असता तर बरे झाले असते. तो अगदी हळू म्हणाला, "आवय, हें ताकाक भियेता." आई, हे ताकाला भिते.

ताकाचा आंबटपणा लाकडात एकदा शिरला की मद्याला लागतो आणि ते बिघडते, हे मी तिला समजावून सांगितले. तिने हातातील फुंकणी खाली ठेवली. मग दोन दिवस घरात दुसरे काम नव्हते. उकळते पाणी, राख, पुन्हा पाणी, ऊन, पुन्हा पाणी. आप्पा बाजारातून आले आणि खांद्यावर घागर घेऊन पाणी वाहू लागले. तिसऱ्या दिवशी इनासने नाक लावले आणि नकारार्थी बोट हलवले. वास होता. पुसट, पण होता.

आप्पा बाजारातून आल्यापासून अव्वाशी बोलत नव्हते. सात पावसाळ्यांचे लाकूड आणि दहा दिवसांचे हात, तिच्या दोन घागरी ताकाने गेले. ती कोणाला दोष देत नव्हती. "मला कुणी सांगितलं न्हाई" एवढे ती म्हणाली असती, तर माझे नाव निघाले असते. ती म्हणाली नाही. मीही म्हणालो नाही.

त्याच दुपारी पडवीतील जुन्या पिंपाची आणखी एक फळी उकलली. दक्षिणेकडे ढगांचा काठ काळा झाला होता. तडा दाबून धरायला आता एक हात पुरत नव्हता. इनास आणि मी दोन्ही बाजूंनी बसलो होतो. त्याने मला विचारले की संध्याकाळपर्यंत पिऊन टाकावे काय, म्हणजे निदान जमिनीत तरी जाणार नाही. असे विचारणारा तो माणूस नव्हता.

अव्वा त्या दिवशी जेवली नव्हती. ती दारात येऊन म्हणाली, "इनासा, हिकडं ये. धर रे तू नीट," हे मला.

माजघराच्या कोपऱ्यात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला एक रांजण होता. तिच्या माहेरचा, गुंद गावचा. लग्नानंतर दोन वर्षांनी तिच्या भावाने गाडीत पेंढा घालून आणला होता. पावसाळ्याचा तांदूळ त्यात राहत असे. तिने वरचे झाकण काढले. "माझ्याकडं एवढंच भांडं हाय. ह्याला कधी ताक लागलं न्हाई. चालतंय काय बघ."

इनास गुडघ्यांवर बसला. त्याने तांदळात कोपरापर्यंत हात घातला आणि आतील भिंत चाचपली. मग तो हसू लागला. इतक्या दिवसांत प्रथमच. डोळे पुसत तो भराभर त्याच्या भाषेत बोलला, नंतर कोकणीत. त्याच्या आजोबांच्या घरी पिंपे नव्हतीच. जमिनीत पुरलेले मातीचे रांजण होते, माणूस मावेल एवढे. आत मेण लावीत. त्यातील रस पिंपातल्यापेक्षा साधा, पण जास्त टिकाऊ. "हें आमचें," तो म्हणत होता, "आवय, हें आमचेंच."

"तुमचं न्हाई, गुंदचं हाय," अव्वा म्हणाली.

आमच्या रानात मेणाला तोटा नाही. आप्पांनी काठीला फडके बांधले, रांजण पेटत्या गवताने आतून तापवला आणि वितळलेले मेण थरावर थर चढवले. तांदूळ अंगणात चटयांवर पसरला होता. वारा सुटला तेव्हा अव्वाने त्याच्याकडे आणि मग आभाळाकडे पाहिले. चार महिन्यांचे अन्न उघड्यावर होते आणि ते ठेवायला भांडे नव्हते. आप्पांनी मेणाचे हात पुसले, ऐनाचे पिंप स्वतः गडगडत आणले, माजघरात उभे केले, वरचे कडे हातोड्याने सैल करून झाकण काढले आणि तिला म्हणाले,

"ह्यात वत."

ते त्यांचे तिच्याशी तीन दिवसांतील पहिले बोलणे होते. ती सुपाने तांदूळ ओतू लागली. मी अजूनही पडवीत तड्यावर हात धरून बसलो होतो. मला आवाज तेवढा ऐकू आला. कोरड्या लाकडात पडणारा तांदूळ पावसासारखा वाजतो.

मेण थिजल्यावर मद्य रांजणात ओतले; पण गळून गळून ते कमी झाले होते आणि रांजण मोठा होता. वर मोकळी जागा राहिली तर हवा लागून ते बिघडते. इनासने काळी नदीतील गुळगुळीत गोटे आणले, उकळले, आणि एकेक करून रांजणात सोडले. तांबडा रस वर वर येत गळ्याशी लागला.

"कावळ्याचं काम आमच्याकडं आलं," आप्पा म्हणाले.

झाकण बसवून वर मेण आणि मातीचा लेप दिला. हे सगळे होईपर्यंत वाडीला बातमी लागली होती. शेजारचा गावडा कुंपणाशी येऊन उभा राहिला. "सुतारआण्णा, गुत्ता काढालास म्हणं. पयलं गिऱ्हाईक मीच हाय बघ."

"श्राद्धाचं हाय," आप्पा म्हणाले. "तुज्या बापाचंबी घालू काय?"

"त्यो पीत न्हवता."

"म्हणूनच तुला तहान जास्त."

गावडा हसत गेला. त्या वर्षी पाऊस दुसऱ्याच दिवशी आला.

तो पावसाळा मला ऐकू येतो तो रांजणाच्या शांततेमुळे. छपरावर पाणी, ओढ्यात पाणी, भिंतीतून पाझरणारे पाणी; आणि माजघराच्या कोपऱ्यात जमिनीखाली एक वस्तू चार महिने काहीच करीत नव्हती. टिकणे हे काम असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. अव्वा रोज सकाळी त्याच्याभोवती झाडून घेई आणि आम्हाला वळसा घालून जायला लावी. इनास रविवारी चिखल तुडवत येई, लेपावर कान ठेवी आणि चहा पिऊन जाई. त्याला काय ऐकू येत होते, हे मी विचारले नाही. त्याला वाट पाहण्याचे वळण होते. द्राक्षे लावणाऱ्याच्या घरात ते असावे लागते. चाके करणाऱ्याच्या घरातही होते. माझ्यात ते आले नव्हते.

श्रावणात दरवर्षी तांदळाला टोके, म्हणजे बारीक काळे किडे, लागत. त्या वर्षी लागले नाहीत. ऐनाच्या पिंपातील तांदूळ वैशाखात होता तसाच स्वच्छ निघाला. अव्वाने सूप आप्पांच्या पुढे धरले.

"ताक पाजलंय न्हवं," ती म्हणाली.

आप्पा तांदळाकडे बघत राहिले. "लाकूड कुणाचं हाय?" एवढे ते म्हणाले, पण सूप बराच वेळ हातातून सोडले नाही.

भाद्रपद वद्यात इनासने सांगितलेला दिवस आला. आदल्या रात्रीपासून पाऊस थांबला होता. सकाळी कोवळे ऊन भातशेतावर पडले होते आणि लोंब्या नुकत्याच दुधाला आल्या होत्या. इनासने आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. लेप फोडताना त्याची पटाशी दोनदा घसरली. आप्पांनी पटाशी त्याच्याकडून घेतली आणि दोन ठोक्यांत झाकण सुटे केले.

आधी मेणाचा वास आला, मग ओल्या मातीचा, आणि मग त्यांच्याखालून तिसरा एक, पिकून खाली पडलेल्या जांभळांसारखा. इनासने नारळाच्या करवंटीने थोडे काढले, तोंडात धरले आणि डोळे मिटले. आम्ही थांबलो. अव्वाने पदर तोंडाशी धरला होता.

त्याने गिळले. "तोच," तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "मात्शी माती आसा. पूण तोच." किंचित माती लागते, पण तोच.

अव्वाने पान वाढले होते. भात, वडे, खीर, भोपळ्याची भाजी. पानाच्या कडेला एका वाटीत तिने तो तांबडा रस स्वतःच्या हाताने ठेवला, आणि इनासला पान अंगणात ठेवायला सांगितले. त्याच्या धर्मात हे नव्हते. त्याने विचारले नाही, ठेवले. कावळा फार वेळ न लावता आला. त्याने भात खाल्ला, वडा नेला आणि वाटीकडे वळूनही पाहिले नाही.

"बापूय भुकेल्लो," इनास म्हणाला, "तानेल्लो न्हय."

बाप भुकेला आहे, तहानलेला नाही. अव्वाला हे सांगावे लागले नाही. ती आत जाऊन आणखी भात घेऊन आली.

त्या दिवशी मी बोट बुडवून ते चाखले. जिभेला कोरडे करणारे, आंबट, शेवटी किंचित तुरट. त्यानंतर कधी चाखले नाही. चांगले की वाईट, हे मला सांगता येणार नाही. आप्पांनी चाखले नाही. इनासने उरलेले मद्य भरून नेले, तेव्हा त्यांनी रांजणातले गोटे मोजून बाहेर काढले आणि धुऊन नदीवर नेऊन टाकले.

दोन वर्षांनी इनास आपल्या देशी परत गेला. पुढे त्याचे एक पत्र आले, ते कॅसलरॉकच्या पाद्रीबाबांनी वाचून दाखवले. भावाबरोबर तो आता बापाच्या हौदात उतरतो. पिंपांबरोबर त्याने अंगणात दोन रांजण पुरले आहेत. लोक विचारतात, ही जुनी रीत आता कोठून काढली. तो सांगतो, हिंदुस्थानातील एका आईकडून. ते अव्वाला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "गुंदचं नाव लिवलंय काय?" लिहिले नव्हते. ती थोडी नाराज झाली.

पण आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती तांदूळ काढताना पिंपाची हकिकत सांगे, आणि शेवटी म्हणे, "माझ्या ताकानं सगळा घोळ झाला बघा." हे वाक्य मी तिच्या अखेरपर्यंत ऐकले. प्रत्येक वेळी मी तेथे होतो. निरोप तिला द्यायचा राहिला होता, आणि तो देणे माझे काम होते. चार शब्दांचे काम. आप्पांना ते ठाऊक असावे. एकदा तिचे वाक्य संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले होते, आणि मी वही उघडली होती.

आता दोघेही नाहीत. तिच्यासाठी लिहून उपयोग नाही, हे मला कळते. परंतु घरात सुना आहेत, नातवंडे आहेत. हकिकत अजून सांगितली जाते आणि शेवट तोच असतो. तो बदलावा. अव्वाने चुकीचे काही केले नाही. तिने नव्या भांड्याला आपले म्हटले. आज येथवर लिहून होताच धाकट्या सुनेला बोलावून वाचून दाखवले. ती ऐकून म्हणाली, "मग आजींनी तुमास्नी कधी काय म्हटलं न्हाई?" मी नाही म्हणालो. "मग तुमीबी आता स्वतःला काय म्हणू नगासा, मामंजी," असे म्हणून ती तांदूळ भरायला गेली.

दुपारी पिंप भरून झाले. मागच्या वळवात माळावरचा एक ऐन उन्मळून पडला होता. घरच्यांनी तो सरपणात धरला होता. आज सकाळी लाकूड चिरणारे करवते आले तेव्हा मी त्यांना खोडाच्या फळ्या काढायला सांगितल्या. संध्याकाळपर्यंत अकरा निघाल्या.

म्हातारा करवत्या घाम पुसत म्हणाला, "मालक, ह्या वाळाया सात पावसाळं लागतील की."

"लागू देत."

"कशाला पायजेत?"

"ते ज्याला लागतील तो ठरवील."

फळ्या घराच्या मागे दगडांवर आडव्या रचल्या. वारा खेळावा म्हणून प्रत्येक थरात काठ्या घातल्या. मग टोकांना शेण फासले. टोके उघडी राहिली तर लाकूड तेथूनच तडकते.